शॉकअप घरी बदलताय? स्प्रिंगला हात लावण्याआधी

राजूर घाट उतरून गाडी मोताळ्याच्या रस्त्याला लागली की आमच्या जुन्या अल्टोच्या पुढच्या डाव्या चाकाकडून ‘टक् टक्’ सुरू व्हायची. उंचवटा ओलांडला की गाडी वर जायची, खाली यायची, पुन्हा वर जायची आणि मगच शांत व्हायची. आवाजाची सवय होते, तशी मलाही झाली होती. पण एकदा न दिसलेल्या स्पीड ब्रेकरवर गाडी आदळली आणि मागे बसलेली आई कंबर धरून कळवळली. तिची हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दोन दिवसांत दुखणं थांबलं, निभावलं म्हणायचं. मग मात्र पुढचे दोन्ही शॉकअप बदलायचं ठरलं आणि आयटीआय करणारा भाचा म्हणाला, “मामा, गॅरेज कशाला? आपण अंगणातच करू.”

बुलढाणा जिल्ह्यात असा विचार करणारे आम्ही एकटे नाही. ‘एमएच २८’ पाटीच्या जुन्या मारुती ८००, अल्टो, झेन, वॅगनआर, इंडिका आजही तालुक्याच्या गावांतून, शेतरस्त्यांवरून धावतात. १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करायचं, मग दर ५ वर्षांनी पुन्हा. मालक तेवढं करतात आणि गाडी ठेवतात, कारण नवी घेणं परवडत नाही आणि जुनी दगा देत नाही. या गाड्यांची बरीच कामं घरी होतात. शॉकअप बदलण्याचं काम त्यातलंच, फक्त त्यात एक पायरी अशी आहे की तिथे चूक झाली तर दुरुस्तीला वाव राहत नाही. त्या पायरीकडे येण्याआधी हे यंत्र करतं काय, ते पाहू.

बैलगाडीला स्प्रिंग नसते, त्यामुळे चाकाला बसलेला हिसका थेट पाठीत जातो. टांग्याला पाटे आले आणि प्रवास सुसह्य झाला. पाट्यांची एक खुबी आहे. पोलादाच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात उसळीची ऊर्जा बरीचशी जिरून जाते. म्हणजे पाटा स्प्रिंगचं काम करतो आणि थोडंफार शॉकअपचंही. गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगला ही सोय नाही. ती दाबली की ऊर्जा साठवते आणि सोडली की जवळजवळ सगळी परत देते. तिला एकटं सोडलं तर गाडी नाचतच राहील. म्हणून तिच्या जोडीला तेलाने भरलेली नळी लागते. नळीत एक दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. चाक वरखाली झालं की तेल त्या भोकांतून मोठ्या जोराने ढकललं जातं आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. खराब रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवून थांबलात आणि शॉकअपच्या नळीला जपून हात लावलात, तर ती कोमट लागेल. चारपैकी एकच थंडगार असेल, तर तो काम करत नाही असं खुशाल समजा.

नावात ‘शॉक’ असला तरी धक्का मुख्यतः झेलते ती स्प्रिंग. शॉकअप स्प्रिंगला आवरतो. गणिताने पाहू. चांगल्या शॉकअपच्या गाडीत पहिली उसळी १० सेंटीमीटरची असेल तर दुसरी दीड सेंटीमीटरच्या आत येते. शॉकअप पार निकामी झाला असेल तर दुसरी उसळी ७ सेंटीमीटरची, तिसरी ५ ची. एवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते आणि या सगळ्या अंतरात टायर रस्त्याला कधी घट्ट, कधी सैल टेकत असतो. सैल टेकलेल्या टायरला ना नीट ब्रेक लागतो, ना नीट वळण घेता येतं. खराब शॉकअपचा खरा धोका इथे आहे.

आपल्या पुढच्या चाकांना असते ती जोडणी ‘स्ट्रट’ म्हणून ओळखली जाते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात शेव्हरोलेसाठी ‘कॅडेट’ नावाची छोटी गाडी आखताना तिच्यावर काम केलं. ती गाडी बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि १९५० च्या ब्रिटिश ‘फोर्ड कॉन्सल’पासून ही रचना रूढ झाली. तिची युक्ती साधी आहे. शॉकअपची नळी जाड करून तिलाच चाक धरायचं काम द्यायचं, स्प्रिंग तिच्याभोवती बसवायची आणि वरचं टोक बॉनेटखालच्या पत्र्याला बेअरिंगमधून टांगायचं, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की सगळा खांब फिरेल. आपल्याकडच्या जुन्या पद्मिनीत पुढचं चाक धरायला वर-खाली दोन वेगवेगळे आर्म होते. मॅकफर्सनच्या रचनेत वरचा आर्म गेला, जागा वाचली, खर्च वाचला आणि इंजिन आडवं बसवता आलं. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून आपल्या छोट्या गाड्यांत हीच रचना घरोघरी पोहोचली.

पण याचा अर्थ असाही झाला की तुमच्या गाडीचा पुढचा शॉकअप हा नुसता शॉकअप नाही. तो चाकाचा खांब आहे आणि त्याच्याभोवती दाबून बसवलेली स्प्रिंग आहे. मोटारसायकलचा किंवा गाडीचा मागचा शॉकअप दोन बोल्ट सोडून बदललेला माणूस पुढच्यालाही तसाच हात घालतो, तिथे फसतो.

काळी माती आणि माणसाचा मणका

आपल्या भागातल्या रस्त्यांचा स्वभाव वेगळा आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेच्या माथ्यावर, खाली मलकापूर-नांदुऱ्याकडे पूर्णेचं खोरं आणि त्यात काळी कापसाची माती. या मातीतली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा आपण पाहतोच. त्याच मातीवर रस्ता असेल आणि खालचा भराव पक्का नसेल, तर रस्ताही फुगतो आणि बसतो. डांबरात खड्डा नसतो, पण लांबट लाटा उठतात. ‘रस्ता चांगला आहे पण गाडी हेलकावे खाते’, ही तक्रार त्यातूनच येते.

प्रत्येक गाडीची स्प्रिंगवर डोलण्याची एक स्वतःची गती असते. छोट्या गाडीत ती सेकंदाला सव्वा ते दीड वेळा. ताशी ६० ने जाताना गाडी सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर कापते. म्हणजे रस्त्यावर दर १२-१३ मीटरला एक लाट असेल, तर नेमक्या त्याच गतीने गाडीला झोके मिळतात. झोपाळ्यावरच्या मुलाला योग्य वेळी धक्का देत गेलं की झोका वाढत जातो, तसं. शॉकअप चांगला असेल तर तो प्रत्येक झोक्यातली ऊर्जा शोषतो. नसेल तर चौथ्या-पाचव्या लाटेला गाडी पुढच्या रबरी गुटख्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर, जाऊन आदळते. अशा वेळी वेग १०-१५ किलोमीटरने कमी केला की डोलणं एकदम थांबतं, हा अनेक चालकांचा अनुभव आहे. त्याचं कारण हेच. लाटा आणि गाडी यांची गट्टी तुटते.

आता मणका. बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं. कंपनांचं मोजमाप करणारं ‘आयएसओ २६३१’ हे आंतरराष्ट्रीय मानक याच पट्ट्याला सर्वाधिक वजन देतं. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांच्या रोजच्या मर्यादाच ठरवून दिल्या. ट्रक, ट्रॅक्टर, बस चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, हे जगभरच्या पाहण्यांतून पुढे आलं आहे. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. त्यांना पोषण मिळतं ते आजूबाजूच्या भागातून झिरपून. तासन् तास वाकून बसणं आणि त्यात हादरे, हे त्यांना मानवत नाही.

इथे एक फसवी गोष्ट सांगायला हवी. कमजोर शॉकअपची गाडी साध्या रस्त्यावर कडक वाटत नाही, उलट मऊच वाटते. ‘आमची गाडी एकदम पलंगासारखी’ असं कौतुकाने सांगणाऱ्याच्या गाडीचे शॉकअप बहुधा संपलेले असतात. शरीराला त्रास होतो तो गाडी बंप स्टॉपवर आपटते त्या क्षणी. तो एकच आघात तरुण पाठ सहन करते, पण हाडांची झीज झालेल्या वयस्कर माणसाला तो पुरेसा ठरू शकतो. स्पीड ब्रेकरवर उडालेल्या बसच्या मागच्या सीटवर बसलेल्या प्रवाशांचे मणके दबून मोडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून घरात असं कोणी असेल तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा. दोन्ही आसांच्या मधल्या भागात हादरा कमी असतो. आदळल्यानंतर पाठदुखी दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही, पायाला मुंग्या आल्या, पाय लुळा वाटला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर शेक देत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जा.

घाटात मुलांना उलट्या होतात त्याचा दोष मात्र शॉकअपला देऊ नका. मळमळ आणणारी हालचाल फार संथ असते, पाच सेकंदांना एक अशी. ती वळणांतून, ब्रेकमधून आणि पुढे मोबाइलमध्ये घातलेल्या डोक्यातून येते.

खरंच शॉकअप गेलाय का?

बहुतेकांना माहीत असलेली चाचणी म्हणजे बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडायचा. गाडी वर येऊन एका हेलकाव्यात थांबली पाहिजे. ही चाचणी पार मेलेला शॉकअप ओळखते, अर्धमेला नाही. त्यामुळे आणखी खुणा बघा. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ बसून चिखल झालेला. हलकासा तेलकट घाम चालतो, ओघळ नाही. टायरवर हात फिरवला की वाट्यांसारखे उंचसखल भाग लागणं, हे उडणाऱ्या चाकाचं लक्षण. ब्रेक दाबला की नाक खोल खाली जाणं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो तेव्हा तेल पातळ होऊन जुना शॉकअप आणखी ढिला पडतो. हिवाळ्यात ठीक वाटणारी गाडी उन्हाळ्यात डोलायला लागली, तर त्याला हेही कारण असतं.

‘टक् टक्’ आवाज मात्र शॉकअपचा पुरावा नाही. तो वरच्या माउंटच्या बेअरिंगचा असेल, लोअर आर्मच्या बुशचा असेल, बॉल जॉइंटचा असेल. आम्ही इथेच चुकलो होतो, ते पुढे येईलच.

अंगणातलं काम

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावायचे, हँडब्रेक ओढायचा, गियरमध्ये ठेवायची. मग जॅक. जॅक हे उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. गाडी उचलली की कंपनीने दाखवलेल्या जागी लोखंडी स्टँड द्यायचे आणि गाडी त्यांच्यावर उतरवायची. स्टँड नसतील तर कोणाकडून मागून आणा किंवा काम पुढे ढकला. विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे, शहाबादी फरशीचे तुकडे अजिबात नकोत. हे पदार्थ भार सोसतात, पण एका टोकावर भार आला की लाकडासारखे आधी वाकत नाहीत, न सांगता फुटतात. मातीच्या अंगणात स्टँडखाली जाड फळी लागते, नाहीतर स्टँडचा पाय रुतून तिरका होतो. आमच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत, तरी भाच्याने फळी टाकली. त्याच्या आयटीआयच्या फीचे पैसे तिथेच वसूल झाले, असं मला वाटलं.

चाक काढलं की स्ट्रट पूर्ण दिसतो. त्याच्या अंगावर ब्रेकची रबरी नळी एका पट्टीत अडकवलेली असते, ती आधी सोडवायची. नळी जुनी असेल, तडे गेले असतील, तर याच वेळी बदलून टाका. खाली चाकाचा हब धरणारा बिडाचा भाग असतो, गॅरेजात त्याला नकल म्हणतात. स्ट्रट त्याला दोन मोठ्या बोल्टनी जोडलेला असतो. हे बोल्ट सोडण्याआधी दोन्ही भागांवर रंगाने किंवा खिळ्याने खूण करा. बोल्ट आणि भोक यांच्यात असलेल्या थोड्याशा जागेमुळे चाकाचा कल बदलतो, खूण असली की निदान जवळपास जुन्या जागी बसवता येतं. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी हातोडीची गरज पडत नाही. बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या बाजूला कलंडतो. त्याला तारेने बांधून ठेवा. लोंबकळू दिला तर ब्रेकची नळी ताणली जाते आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटू शकतो. मग अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांचं होतं.

आता बॉनेट उघडा. स्ट्रटच्या डोक्यावर, पत्र्याच्या गोल उंचवट्यावर, गाडीनुसार दोन किंवा तीन नट कडेने दिसतात आणि मधोमध एक मोठा नट, बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या टोपीखाली. कडेचे नट सोडायचे. मधल्या नटाला हात लावायचा नाही. आत्ताही नाही, नंतरही नाही.

हा मधला नट नळीच्या चकचकीत दांड्यावर असतो आणि दाबलेल्या स्प्रिंगला तोच अडवून धरतो. उदाहरणादाखल छोट्या गाडीची स्प्रिंग घेऊ, जिला एक सेंटीमीटर दाबायला १६ किलो वजन लागतं. ती १५ सेंटीमीटर दाबली तर तिच्यात जवळपास अडीच क्विंटलचा जोर असतो. तिच्यात साठलेली ऊर्जा पाच किलोचा दगड साडेतीन मीटरवरून, म्हणजे एका मजल्याहून अधिक उंचीवरून, पडताना जेवढी असते तेवढी. हा दगड खाली पडत नाही, जिकडे वाट मिळेल तिकडे जातो. नट सोडणाऱ्याचं तोंड सहसा त्याच दिशेला असतं. जबडा, डोळा, मनगट, हे सगळं त्या एका नटाच्या टप्प्यात येतं.

स्प्रिंग दाबायचं साधन बाजारात मिळतं. आकडे असलेले दोन लांब स्क्रू, समोरासमोर लावायचे, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. पुस्तकात ते सोपं दिसतं. प्रत्यक्षात वेटोळी तिरकी असतात, त्यावर जुनं तेल असतं, आकडा सरकतो, एका बाजूला जास्त आवळलं तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. स्वस्तातल्या साधनाचे आटे घासतात. भाच्याने ते मागवलेलंच होतं. मी त्याला एवढंच म्हटलं की आधी मिस्त्रींना विचारू. खामगाव रस्त्यावरच्या एका गॅरेजात वीस वर्षं हेच काम करणारे मिस्त्री त्या साधनाकडे बघून म्हणाले, “भाऊ, ही स्प्रिंग कोनाची सोयरी नाई. ते आनाच मायाकडं, मी प्रेसवर सोडून देतो.” त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नाहीत. कारण विचारायचं धाडस मी केलं नाही.

म्हणून आमचा हिशेब असा झाला. बोल्ट आमचे, स्प्रिंग त्यांची. दोन्ही स्ट्रट स्प्रिंगसकट अखंड बाहेर काढले, पोत्यात गुंडाळले, भाच्याच्या दुचाकीवरून नेले. गाडी अंगणात स्टँडवर उभी, आत कोणी बसायचं नाही, मुलांनी जवळ जायचं नाही, म्हणून पत्नीने दोरी बांधून ठेवली. गॅरेजात भिंतीला बोल्टने बांधलेल्या प्रेसमध्ये मिस्त्रींनी स्प्रिंग दाबली, मधला नट सोडला, नवा शॉकअप घातला. दोन्हींना मिळून चहा होईस्तोवर वेळ लागला. याची मजुरी नवीन साधनाच्या किमतीपेक्षा कमी निघाली.

त्या वेळात दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवायला हवं. नवा शॉकअप उभा धरून दांडा तीन-चार वेळा पूर्ण वरखाली करायचा, म्हणजे आडवा ठेवल्याने आतल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते. तो दांडा पक्कडने धरू द्यायचा नाही. त्यावर एक ओरखडा पडला की सील फाटतं आणि सहा महिन्यांत तेल गळायला लागतं. वरचं बेअरिंग हाताने फिरवून पाहायचं. खरखरत असेल तर नवं घालायचं, कारण पुन्हा हे सगळं उघडणं नको. बंप स्टॉप आणि धुळीचं रबरी आवरण नवीनच घ्यायचं. स्प्रिंगचं खालचं टोक तिच्या बशीतल्या खाचेत नीट टेकलं आहे, हे डोळ्यांनी पाहायचं. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे. एक नवा आणि एक जुना ठेवला तर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला झुकते. डावा-उजवा वेगळा असतो, ब्रेक नळीच्या पट्टीची जागा उलट येते, तेही तपासून घ्यायचं. आणि पक्क्या बिलाशिवाय, फिकट छपाईच्या खोक्यातला माल घ्यायचा नाही. बाहेरून दोन्ही सारखेच काळे दिसतात, आतली झडप दिसत नाही.

परत बसवताना उलटा क्रम. आधी वरचे कडेचे नट हाताने लावून ठेवायचे, मग खालचे दोन बोल्ट खुणेवर आणून आवळायचे. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. समजा ९० न्यूटन-मीटर लिहिलं असेल, तर एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण ३० किलोचा जोर. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. ब्रेकची नळी पट्टीत बसवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. नळी ताणली जात नाही, कुठे घासत नाही, याची खात्री करा. गाडी जमिनीवर आली की चाकाचे नट तिरप्या क्रमाने आवळा. वाकून हे सगळं करताना स्वतःच्या पाठीची आठवण ठेवा. स्ट्रट उचलताना गुडघ्यात वाका. मणक्यांवर लेख लिहिणाऱ्यानेच तिसऱ्या दिवशी बाम लावावा, हे शोभत नाही, पण तसं झालं.

खुणेवर बसवलं तरी चाकाचं अलाइनमेंट करून घ्यावंच लागतं. कल एखाद्या अंशाने बदलला की स्टिअरिंग ओढतं आणि नवीन टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. गाडी हळू चालवत थेट अलाइनमेंटच्या दुकानात न्यायची, घाट नंतर.

आम्ही अलाइनमेंट करून संध्याकाळी राजूर घाट उतरलो. उंचवट्यावर गाडी एकदा दबली आणि वर येऊन थांबली. मागे बसलेल्या भाच्याने पाण्याचा पेला हातात धरला होता, तोही सांडला नाही. आई या वेळी पुढच्या सीटवर होती. मोताळ्याचा रस्ता लागला आणि पहिल्याच खड्ड्यात पुढच्या डाव्या बाजूने आवाज आला. टक्.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पहारीने लोअर आर्म हलवून दाखवला. पुढच्या पट्टीचा, म्हणजे अँटी-रोल बारचा, डावा बुश पार झिजून गेला होता. तो निघाला मूठभर रबराचा, शॉकअपच्या तुलनेत अगदीच किरकोळ किमतीचा. शॉकअप संपलेले होते हे खरंच, त्यांचा ओघळ आम्ही पाहिला होता. आवाज मात्र त्यांचा नव्हता. बुश बदलायला वीस मिनिटं लागली. शंभर किलोमीटर झाल्यावर भाच्याने सगळे नट पुन्हा तपासले, त्यातला चाकाचा एक पाव फेरा आवळला गेला.